फोमचा वास

“नाक दाबू नका साहेब. नाक दाबलं तं तपासता कायले?”

नत्थूजी पाचपोर पान्यानं पिंपाचं झाकण फिरवत होते आणि मी रुमाल तोंडाशी धरून चार हात मागे उभा होतो. झाकण सुटलं. आतून आलेल्या वासाचं वर्णन मला आजवर कुणाजवळ नीट करता आलेलं नाही. मेलेलं ढोर चार दिवस उन्हात पडलं आहे आणि शेजारी मुतारी तुंबली आहे, असं काहीसं म्हणता येईल. मी स्टोअरच्या मागे धावलो आणि सकाळचे पोहे तिथल्या गवतात ओकून आलो.

परतलो तेव्हा नत्थूजींनी पिंपात लाकडी पट्टी बुडवून वर काढली होती. तिच्यावरून काकवीसारखं दाट, काळपट काहीतरी ओघळत होतं.

“जनावराचे खुरं अन् शिंगं उकळून करतेत हा आग इझवाचा फोम,” ते म्हणाले. “मंग गुलाबाचा वास येईन काय? आता लिवा. रंग तपकिरी. गाळ नाही. वास...” त्यांनी पट्टी माझ्या नाकाखाली धरली. “वास लई चांगला.”

माझ्या हातातल्या छापील फॉर्मवर खरंच तसे रकाने होते. रंग, गंध, गाळ, आणि खाली तपासणाऱ्याची सही. गंधाच्या रकान्यात काय लिहायचं हे मला कळेना. आधीच्या पानांवर सगळ्यांनी ‘नेहमीचा’ लिहिलं होतं. मीही तेच लिहिलं.

ही सावरखेडा टर्मिनलमधल्या माझ्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. समुद्रकाठच्या कारखान्यातून निघालेलं पेट्रोल आणि डिझेल जमिनीखालच्या नळातून शेकडो किलोमीटर येऊन आमच्या टाक्यांत पडे आणि तिथून टँकरनं सगळ्या वऱ्हाडात जाई. मी देखभाल विभागात कनिष्ठ अधिकारी होतो आणि सुरक्षा स्टोअरचा ताबा माझ्याकडे होता. खरं तर मला कशाचाच ताबा नको होता. क्वार्टरमध्ये दोन ट्रंका भरून पुस्तकं होती आणि संध्याकाळी पाचला त्यांच्याकडे परत जाता यावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझ्या कानांच्या पाळ्या तापत. अजूनही तापतात.

नत्थूजी अग्निशमन पथकाचे प्रमुख होते. छप्पन वर्षांचे, बुटके, मनगटं मात्र पहिलवानासारखी. हाताखाली तीन माणसं. ड्युटीवर आले की ते आधी फोमच्या मोठ्या टाकीपाशी जात, तळाची तोटी किंचित उघडून एक थेंब बोटावर घेत, हुंगत, आणि मगच हजेरीवर अंगठ्याएवढी मोठी सही करत.

“नत्थूजी अत्तर लावून आले,” पोरं म्हणत.

“हौ बाप्पा. म्हणूनच बायको मले ओसरीत जेवाले देते,” ते उत्तर देत.

त्या घाणेरड्या पदार्थाचं महत्त्व मला त्यांनीच शिकवलं. माझ्याजवळ त्यावरचं इंग्रजी पुस्तक होतं, पण त्यातून डोक्यात न शिरलेलं त्यांच्या एका वाक्यात शिरलं. “पेट्रोल पेटलं अन् पाणी मारलं, तं पाणी खाली बसते अन् आग वरती तरंगते. म्हणून आगीवर गोधडी टाका लागते. हा फोम म्हणजे गोधडी. दाट, जड, हवा शिरू देत नाही. पण मानसाले जवळ जाऊन टाका लागते. गोधडी फाटकी निघाली तं जवळ गेलेला मानूस गेला.”

दीड वर्ष मी दर तीन महिन्यांनी पिंपं उघडली, पट्टी बुडवली, ‘नेहमीचा’ लिहिलं आणि सही केली. ओकणं बंद झालं. वासाची सवय होते.

माझ्या तिथल्या दुसऱ्या मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. त्यात शेवटच्या दिवशी खोट्या आगीची कवायत असे. जिल्ह्यातले अधिकारी सहकुटुंब येत, तंबूत बसत, आग विझली की टाळ्या वाजवत आणि जेवून जात. आदल्या वर्षी ऐन वेळी वारा फिरला होता आणि फोमचे गोळे उडून तंबूत पडले होते. एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीच्या पैठणीवर एक गोळा पडला आणि जेवणाच्या पंगतीत दोघा-तिघांना मळमळलं. आमचे टर्मिनल प्रमुख सबनीस साहेब ते विसरले नव्हते.

“यंदा ती घाण नको,” ते ठेकेदार काळमेघला म्हणाले. मी फाईल घेऊन बाजूला उभा होतो.

काळमेघ आम्हाला केरसुणीपासून व्हॉल्व्हपर्यंत सगळं पुरवत असे. गोरा, हसतमुख, सदा चंदनाची उटी लावलेला. “काळजी नाही साहेब. साबणाचा फेस मारू. लिंबाचा वास. पांढराशुभ्र. पाहुण्यांना हिमाचलात आल्यासारखं वाटंल.”

“एका दिवसापुरतं,” साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. “खानझोडे, दुसऱ्या दिवशी टाकी धुवायची आणि खरा माल परत भरायचा. तुमची जबाबदारी.”

टाकी रिकामी करून फोम पिंपांत भरला आणि झाकणांवर लाल सीलं लावली. यार्ड नीटनेटकं दिसावं म्हणून टाकीतली आणि स्टोअरमधली मिळून चोवीस पिंपं काळमेघच्या गोदामात गेली. त्याच्या ट्रकवर ती चढताना मी मोजली आणि पावतीवर सही घेतली. आपण फार काटेकोर आहोत असं तेव्हा मला वाटलं होतं.

कवायत अतिशय देखणी झाली. पत्र्याच्या ट्रेमध्ये ओल्या गवताचा धूर केला होता, खरं पेट्रोल नव्हतंच. नत्थूजींनी तोफेसारखी मोठी नळी फिरवली आणि फेसाचे ढग उसळले. तंबूत टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका म्हणत होत्या, “किती छान वास येतो!” सबनीस साहेबांनी नत्थूजींच्या गळ्यात हार घातला.

नत्थूजी हार हातात घेऊन माझ्याकडे आले. हेल्मेटवरचा फेस त्यांनी बोटानं निपटला. “साहेब, हे तं भांडे घासाचं हाय.”

“आजच्यापुरतं आहे नत्थूजी. उद्या भरतोय परत.”

“तुम्ही भरून राह्यले नं? मंग ठीक हाय,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळमेघचा ट्रक चोवीस पिंपं टाकून गेला. मी मोजली. आकडा बरोबर होता, झाकणांवरची लाल सीलंही तशीच. नत्थूजींची ड्युटी दुपारी तीनला सुरू होणार होती, म्हणून झाकण मी स्वतः उघडलं आणि सवयीनं श्वास रोखला. मग हळूच सोडला.

लिंबू.

दुसरं उघडलं. लिंबू. एकेक करत मी चोवीस उघडली. शेवटाशेवटाला पाना सटकत होता. मी पुस्तकी माणूस, माझा नाकावर विश्वास बसेना. चहाच्या बशीत थोडं पेट्रोल घेतलं, यार्डाच्या टोकाला कुंपणाजवळ नेऊन पेटवलं, आणि पिंपातल्या द्रवात पाणी घालून केलेला फेस चमच्यानं त्यावर ठेवला. तो चुर्र झाला. ज्वाळा क्षणभर खाली बसली आणि पुन्हा उभी राहिली. आणखी ठेवला, पुन्हा तेच. बशी तडकली.

मी तिथेच वाकून ओकलो. या वेळी वास गोड, स्वच्छ होता.

सबनीस साहेब टेबलावर केळं सोलत होते. सगळं ऐकून घेतलं. आश्चर्य वाटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

“बसा आधी. पाणी घ्या. चोवीसच्या चोवीस?”

“हो सर. काळमेघनं माल बदललाय. पोलिसांत...”

“अहो खानझोडे.” केळ्याचा घास गालात ठेवून ते हसले. “पावतीवर सही कुणाची? माल यार्डाबाहेर पाठवला कुणी? परत घेतला कुणी? तुम्हीच ना?”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“घाबरवत नाहीये. तुम्ही सज्जन माणूस. मी काळमेघशी बोलतो. नव्या मालाची मागणी तर आपण पाठवणारच आहोत, दोनेक महिन्यांत येईल. प्रश्न फक्त मधल्या काळाचा.” त्यांनी खणातून छापील फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. “तिमाही तपासणी आजच आहे ना? कागद रिकामा राहिला की वरून माणसं येतात.”

“आणि आग लागली तर?”

“मी इथे नऊ वर्षं आहे. लागली?” त्यांनी साल टोपलीत टाकली. “बरं, ते मुख्य कार्यालयातल्या तांत्रिक ग्रंथालयाचं काय झालं? तुमचा अर्ज आलाय माझ्याकडे. शिफारस लिहायची राहिलीय. पुस्तकांत रमणारा माणूस इथे तेलात कशाला सडवायचा?”

मी वाद घातला, निदान दोनदा तरी ‘नाही’ म्हणालो, असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. आता खात्री वाटत नाही. मला आठवतं ते एवढंच की पेन त्यांचं होतं, जाड निबाचं. रंग तपकिरी. गाळ नाही. गंध नेहमीचा. सही.

मग टाकीत त्याच पिंपांतला साबण भरून घेतला. तीनला पाच मिनिटं असताना नत्थूजी माझ्या खोलीच्या दारात आले. उजव्या हाताचं एक बोट त्यांनी तसंच वर धरलेलं होतं, लहान मुलाला काटा टोचल्यावर तो दाखवायला येतो तसं.

“टाकी भरली नाई तुम्ही?”

“भरली.”

“कायनं?”

मी उठून दार लावलं. टेबलाच्या कडेकडे बघत सगळं सांगितलं. फॉर्मवरच्या सहीचंही. तेवढं तरी लपवलं नाही. नत्थूजी भिंतीला टेकून ऐकत राहिले.

“मंग कागदावर काय हाय?”

“कागदावर सगळं ठीक आहे.”

“बरं हाय,” ते म्हणाले. “आग लागली तं तुमचा कागद फेकून मारतो.”

मग त्यांनी सरळ विचारलं, “मजाक सोडा. माह्या हाताखाली तीन पोरं हायेत. गजाननाची बायको सातव्या महिन्यात हाय. आग लागली तं म्या काय कराचं? तुम्ही वाचलेले मानूस, सांगा.”

याचं उत्तर मात्र मला येत होतं. पुस्तकात होतं. “जवळ जायचं नाही. फोमला हातच लावायचा नाही. येणाऱ्या तेलाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दुरून शेजारच्या टाक्यांवर पाणी मारून त्या गार ठेवायच्या, आणि पोरांना मागे घ्यायचं. जे पेटलंय ते जळून जाऊ द्यायचं.”

“जळू द्याचं?”

“हो.”

“अन् मले कोणी इचारलं, का बा फोम काऊन नाई मारला?”

“मी आहे ना,” मी म्हणालो. हे शब्द मी म्हणालो, याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

नत्थूजींनी ते बोट पँटला पुसलं. “उपकार झाले साहेब. दुसऱ्यानं एवढं बी नसतं सांगतलं.”

एकोणीस दिवसांनी, दुपारी पावणेचारला, भोंगा झाला. मी धावत बाहेर आलो तेव्हा पंपांच्या शेडमागे काळा धूर उठला होता. गळणारं तेल जमा करायचा तिथे एक हौद आहे. त्याच्या काठावर काळमेघची माणसं परवानगीशिवाय वेल्डिंग करत होती. ठिणगी पडली, हौद पेटला आणि वेल्डर पळाले.

नत्थूजी तिन्ही पोरांना घेऊन आले. मी पन्नास पावलांवर होतो. त्यांनी हौदाकडे पाहिलं, मग मागे वळून मला शोधलं. आमची नजरानजर झाली. मी मान हलवली. अगदी थोडी, पण हलवली.

“गजानन, व्हॉल्व!” ते ओरडले. “बाकीचे माह्या मागं. टाकीवर पानी धरा. कोणी पुढं गेला तं तंगडं तोडीन!”

तेवढ्यात प्रत्येकाच्या खांद्यावरच्या वायरलेसमधून सबनीस साहेबांचा आवाज घुमला. “पाचपोर, फोम मारा! ताबडतोब फोम मारा!”

मला वाटलं, साहेब गोंधळले. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा उच्चारलं, स्पष्ट, सावकाश, वेळेसकट. “पंधरा अठ्ठेचाळीस. मी फोम मारण्याचा आदेश देतो आहे.” कंट्रोल रूममधला माणूस प्रत्येक शब्द वहीत लिहून घेत असतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

नत्थूजींनी वायरलेस बंद केला.

पन्नास मिनिटं ते चौघं लांबून पाणी मारत राहिले. शेड कोसळली. दोन पंप वितळल्यासारखे वाकले. तेल संपलं तशी आग बसत गेली आणि शेवटी कंटाळल्यासारखी विझली. कुणाची भुवईसुद्धा जळली नाही. गजानन धपकन चिखलात बसला आणि वेड्यासारखा हसायला लागला. नत्थूजींनी माझ्याकडे बघून हात वर केला. परीक्षेत पास झालेला मुलगा मास्तरांकडे बघतो तसे ते दिसत होते.

नळातून येणारं तेल आठ दिवस बंद राहणार होतं. सगळ्या वऱ्हाडात पंपांवर रांगा लागणार होत्या, वर्तमानपत्रांत छापून येणार होतं. मुख्य कार्यालयातून तार आली. चौकशी अधिकारी सोमवारी पोहोचतील.

शनिवारी सकाळी काळमेघचा ट्रक आला. चोवीस पिंपं. पहिलं झाकण उघडलं आणि स्टोअरपासून कँटीनपर्यंत तो जुना, कुजका, भयंकर वास पसरला. टाकी धुऊन संध्याकाळपर्यंत गळ्यापर्यंत भरली. काळमेघ स्वतः उभा होता, नाकाला चंदनाचा रुमाल लावून.

सबनीस साहेब फेरी मारायला आले. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, मोगऱ्याच्या झाडाखाली घेतात तसा. “काय खानझोडे? आता तुमची सही खोटी राहिली का?” त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. “आणि हो, तुमची शिफारस परवाच पाठवली.”

त्या रात्री मी जेवलो नाही. पण सोमवारी खरं सांगायचं, असं ठरवलं होतं. काय बोलायचं ते एका कागदावर लिहून, घोकूनही ठेवलं होतं. तो कागद खिशात घेऊनच मी चौकशीला गेलो.

चौकशी अधिकारी रेगे हे उंच, रेखीव, विनोदी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आधी स्टोअर पाहिलं आणि मग कॉन्फरन्सच्या खोलीत येऊन बसले. टेबलाच्या एका बाजूला सबनीस साहेब, काळमेघ आणि मी. समोर नत्थूजी, इस्त्रीचा गणवेश घालून, उभे. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

“पाचपोर, आग लागली तेव्हा टाकीत फोम होता?”

“नव्हता साहेब.”

“टाकी रिकामी होती?”

“भरेल होती. पन साबन होता.”

“साबण!” रेग्यांनी भुवया उंचावल्या. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

नत्थूजींनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. माझा हात खिशातल्या कागदावर गेला, कागद चुरगळला, आणि हात तिथेच राहिला. मी टेबलावरच्या काचेखालची जुनी दिनदर्शिका वाचत होतो.

नत्थूजींनी नजर काढून घेतली. “कोनी नाई सांगतलं. म्या रोज हुंगतो. वास नव्हता.”

“वास नव्हता?”

“नव्हता साहेब.”

रेगे मागे रेलले. खिशातून रुमाल काढून त्यांनी नाकाला लावला आणि डोळे मिचकावले. “अहो, मी अर्ध्या तासापूर्वी तिथून आलोय. माझा कोट मला जाळावा लागणार आहे! आणि तुम्हाला वास नव्हता?”

सबनीस साहेब हसले. काळमेघ टेबलावर हात आपटून हसला. “नत्थूजीले पडसं झालं असंन साहेब!” तो म्हणाला आणि खोलीत मोठा हशा पिकला. चहा घेऊन आलेला शिपाईसुद्धा हसला.

मीही हसलो.

मला हसू आलं नव्हतं. सगळे हसत असताना एकट्यानं गंभीर बसायचं म्हणजे सगळ्यांनी आपल्याकडे बघायचं, आणि ते मला आयुष्यात कधी जमलं नाही. ओठ आपोआप पसरले, आवाजही निघाला. नत्थूजी माझ्याचकडे बघत होते.

“खानझोडे,” रेगे हसणं आवरत म्हणाले, “कवायतीच्या दुसऱ्या दिवशीची ही तपासणी. गंध नेहमीचा. सही तुमचीच?”

“हो सर.”

“मग झालं.” त्यांनी फाईल मिटली. “फोम होता, आदेश होता, वेळ होता. माणूस भ्याला. होतं असं या वयात.”

“म्या भ्यालो नाई साहेब,” नत्थूजी शांतपणे म्हणाले. “पोरं इचारा.”

पोरांना कुणी विचारलं नाही.

महिन्याभरात निकाल लागला. कर्तव्यात कसूर आणि आदेशाचा भंग. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना नत्थूजींना नोकरीतून काढलं. क्वार्टर पंधरा दिवसांत रिकामं करायचं होतं. माझ्या बदलीचा हुकूम त्याच डाकेनं आला होता.

काढलेल्या माणसाला सगळ्या विभागांतून ‘काही येणे नाही’ असा कागद सही करून घ्यावा लागे. सुरक्षा स्टोअरची सही माझी. नत्थूजी शेवटच्या दिवशी सकाळी अकराला आले. अंगावर घरचा पांढरा सदरा होता. त्यांनी हेल्मेट, बूट, जाड कोट आणि वायरलेस टेबलावर एकेक करून मांडलं. कोट धुऊन, घडी करून आणला होता.

“पाहून घ्या. सगळं हाय.”

“नत्थूजी, त्या दिवशी मी... मी लिहून नेलं होतं सगळं. खिशात होतं.”

“कागदावर?”

मी मान खाली घातली.

“तुम्ही मले ‘जवळ जाऊ नका’ सांगतलं नसतं तं बरं झालं असतं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच सहन होत नव्हतं. “म्या हुकमानं तोच साबन मारला असता, पुढं गेलो असतो, मेलो असतो. गजानन बी मेला असता. म्हणून बरं म्हनता येत नाई. पन मले भेकड तं कोनी म्हनलं नसतं. माह्या पोराले मास्तर इचारते, तुया बाप पळाला का बे.”

मी काहीतरी बोलेन, असं त्यांना अजूनही वाटत असावं. बाहेर टँकर भरण्याचा आवाज येत होता. मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि रकान्यावर बोट ठेवलं.

“इथं करा साहेब. तुमची सही चालते.”

मी सही केली.